गावातलं देशीचं दुकान बंद करायचंय : आडवी बाटलीची तयारी कशी करावी? (करवीर, कोल्हापूर)

शिवारकन्या:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात दूध संस्थेच्या वाटेवरच सरकारमान्य देशी दारूचं दुकान आहे. संध्याकाळी दूध घालायला जाणाऱ्या पोरींना वाटेत झिंगून पडलेल्यांना वळसा घालून जावं लागतं. बचत गटातल्या बायका आता इरेला पेटल्यात. दुकान बंद करायला गावातल्या बायकांचं मतदान, म्हणजे ‘आडवी बाटली’, घ्यायचंच ठरलंय. सुरुवात कुठून करू?

कागलकर_काका:
ताई, आधी मतदार यादी हातात घ्या. बाकी सगळं नंतर. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो. तो राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडे द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका. मग अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात. सही यादीतल्या नावाशी जुळली पाहिजे, म्हणून यादीतला अनुक्रमांक सहीशेजारीच लिहा. सह्या थोड्या जास्तच गोळा करा, पडताळणीत काही गळतातच.

मतदान गुप्त असतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. खरी मेख इथं आहे: झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. समजा यादीत १२०० बायका आहेत. ९०० आल्या आणि ५८० जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहणार. घरी बसलेली बाई दुकानदाराच्याच पारड्यात जाते.

माळावरची_सुगंधा:
काका बरोबर बोलले. माझ्या मावशीच्या गावात ह्यानंच घात झाला. लग्न होऊन गेलेल्या लेकी, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं यादीत तशीच. बीएलओकडं (मतदार यादीचं काम बघणारा बूथ अधिकारी) नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म भरून ती आधी कमी करून घ्या, हे काम महिनाभर खातं. आणि ताई, घरोघरी पुरुषांसमोर सही मागू नका, बाई कचरते. दूध संस्थेत किंवा भांगलणीच्या बांधावर मागा.

शिवारकन्या:
हे डोक्यातच नव्हतं! आमच्या यादीत अशी बरीच नावं असणार. दुकान बंद झाल्यावर चोरून विक्री सुरू झाली तर?

कागलकर_काका:
होतेच, त्याची तयारी आत्ताच करा. अवैध दारू रोखायला ग्रामरक्षक दलाची, म्हणजे गावकऱ्यांच्याच पथकाची, तरतूद कायद्यात आहे. ग्रामसभेत तो विषय घ्या, दलात तुमच्याच गटातल्या बायका येऊ द्या. तोवर सध्याच्या दुकानावरही लक्ष ठेवा. देशी विकत घ्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजच्या पोरांना बाटली मिळत असेल तर तारीख, वेळ टिपून लेखी तक्रार द्या. अटी मोडल्या तर परवाना निलंबित होऊ शकतो.

माळावरची_सुगंधा:
मतदानाच्या दिवशी प्रत्येक गल्लीला एक बाई नेमा. सकाळी रानात जायच्या आधीच मतं उरकून घ्या. दुपारनंतर कुणी परत येत नाही.