'वर्णविपर्यय' हा शब्द रोटुमन भाषेला पुरतो का?

प्रश्न :
मी ऑकलंडला असतो. मे महिन्यात इथे रोटुमन या रोटुमा बेटावरच्या भाषेचा सप्ताह असतो तेव्हा ऑफिसात एक रोटुमन सहकारी सगळ्यांना 'नोआʼइआ' म्हणून नमस्कार करत होता, त्याच्याशी बोलत बसलो आणि डोक्यात किडा शिरला. तो म्हणाला आमच्याकडे फुलाला 'होसा' म्हणतात आणि 'होआस'ही म्हणतात, चंद्र 'हुला' पण आणि 'हुआल' पण, मासा 'इʼआ' आणि 'इआʼ'. म्हणजे शेवटचं व्यंजन आणि स्वर जागा बदलतात. मला लगेच आपलं नुकसानचं नुस्कान, मतलबचं मतबल आठवलं आणि वाराणसीचं बनारस. याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात हे शाळेत शिकलेलं आहे. मग रोटुमनमधल्या या प्रकारालाही तेच म्हणायचं का? शिवाय ही भाषा समोअन-हवाईअन कुटुंबातली की फिजीअन? बेट तर फिजी देशात आहे.

उत्तर १ :
चांगला प्रश्न आणला, या भाषेवर मराठीत कोणी बोलत नाही. आधी अदलाबदलीचं बघू. प्रकार वर्णविपर्ययाचाच, पण नुस्कान आणि होआस यांच्यात मोठा फरक आहे. आपण नुस्कान म्हणतो तेव्हा अर्थात काडीचा फरक पडत नाही, बोलणारा बदलला की रूप बदलतं इतकंच. रोटुमनमध्ये एकच माणूस एकाच दमात दोन्ही रूपं वापरतो आणि त्यांचं काम वेगळं असतं. 'फामोरी' म्हणजे लोक. 'फामोरी ʼएआ' म्हणलं तर अर्थ 'ते लोक म्हणतात', माहितीतले. तेच 'फाम्योर ʼएआ' म्हणलं की 'काही लोक म्हणतात'. तसंच चटईचं, 'ʼएपा ला होआʼ' म्हणजे त्या चटया नेतील आणि 'ʼएआप ला होआʼ' म्हणजे काही चटया नेतील. इंग्रजीत जे काम आर्टिकल करतं ते इथे शब्दाची शेपटी फिरवून होतं!

चर्चवर्ड नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने या भाषेचं व्याकरण आणि कोश १९४० मध्ये छापला, त्यात त्याने या दोन रूपांना पूर्ण आणि अपूर्ण अशी नावं दिली, तीच आजही चालतात. आणि दरवेळी अदलाबदल दिसतेच असं नाही हां, 'राको' (शिकणे) चं नुसतं 'राक' होतं, शेवटचा स्वर गळतो. 'फुती' (ओढणे) चं 'फ्युत' होतं, म्हणजे ई गळताना आधीच्या उ ला आपल्याकडे ओढून घेते. तोंड ई साठी ठेवा आणि ओठ उ सारखे गोल करा, तो आवाज. देवनागरीत नीट लिहिताच येत नाही, मी 'फाम्योर' लिहिलंय तेही अंदाजेच, तिथे तोंड ए चं आणि ओठ ओ चे.

तो मासा 'इʼआ' मधला स्वल्पविराम पण खोटा नाही बरं का, तो घशातला खटका आहे. आपण मान हलवत नकारार्थी 'अंʼअं' करतो ना, त्यात मधे घसा बंद होतो तोच.

प्रश्नकर्ता :
हे भारीच आहे. मी समजत होतो की भरभर बोलताना आवाज खातात तसलं काही असेल. पण मग मराठीत असं काही नाहीच का, की रूप बदललं म्हणून 'तो विशिष्ट' की 'कुठलाही' ते कळतं?

उत्तर २ :
आहे ना! 'आम्ही मुलगा शोधतोय' आणि 'आम्ही मुलाला शोधतोय' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात लग्न ठरवायचंय, कुठलातरी चांगला मुलगा हवाय. दुसरं वाक्य ऐकलं तर लोक विचारतील कधीपासून हरवलाय, पोलिसात कळवलं का. सामान्यरूप होऊन 'ला' लागला की तो मुलगा ठरावीक झाला. रोटुमनमध्ये प्रत्यय न लावता हेच होतं, आणि दिशा उलटी, मूळ अख्खं रूप ते ठरावीक आणि फिरवलेलं ते मोघम. अर्थात ते एवढ्यावर थांबत नाही, शब्दसमूहात आतल्या बाजूला जो शब्द येतो तो बहुतेक फिरवलेल्याच रूपात येतो. त्या भाषेचं स्वतःचं नावच बघा, 'फॅएअङ रोटुआम ता'. बोली म्हणजे 'फॅएङा', तिचं झालं फॅएअङ, आणि 'रोटुमा'चं झालं रोटुआम. शेवटचा 'ता' म्हणजे ती. मला हे फार आवडतं, नावातच सगळं व्याकरण.

आता कुटुंबाचं. मी आधी पॉलिनेशियनच (म्हणजे समोअन, टोंगन, हवाईअन, माओरी यांच्या गटातली) समजत होतो, कारण शब्द ऐकले की समोअन-टोंगनच वाटतात. आकडे ऐका : ता, रुआ, फोलु, हाके, लिमा, ओनो, हिफु, वालु, सिवा, साङहुलु. आता तीन बघा, फिजीअनमध्ये तोलु, समोअनमध्ये तोलु, माओरीत तोरु, आणि इथे फोलु. सात फिजीअनमध्ये वितु, समोअनमध्ये फितु, इथे हिफु. दूरच्या नात्यातल्या मलायमध्ये डोळा 'माता', रोटुमनमध्ये 'माफा'. मलायमध्ये दगड 'बातू', इथे 'हाफु'. कान मलायमध्ये 'तेलिंगा', इथे 'फालिङा'. म्हणजे जुना त इथे फ झाला आणि जुना प इथे ह झाला. एकदा ही किल्ली सापडली की भाषा उलगडत जाते, तोपर्यंत ती वेष बदलून बसलेली.

पण गंमत अशी की याच भाषेत त आणि फ जसेच्या तसे असलेले शब्दही ढिगाने आहेत. वर आलेला 'फुती' घ्या. समोअनमध्ये फुती म्हणजे पिसं उपटणे. रोटुमनच्या स्वतःच्या नियमाने तो 'हुफी' व्हायला हवा होता. म्हणजे फुती बाहेरून आलाय, आणि तोही त चा फ होऊन गेल्यानंतर, नाहीतर त्याचाही फ झाला असता. ब्रूस बिग्ज या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने १९६५ मध्ये असे दोन थर वेगळे करून दाखवले, एक आजीकडून आलेला आणि एक शेजारणीकडून उसना. समोआहून राहो नावाचा पुरुष टोपल्यांत माती घेऊन आला आणि त्यातून बेट झालं अशी रोटुमन आख्यायिका आहे, ती ऐकताना मला हे उसने शब्द आठवतात.

प्रश्नकर्ता :
म्हणजे आपले तत्सम आणि तद्भव! क्षेत्र आणि शेत, कर्म आणि काम.

उत्तर १ :
जवळपास, पण पूर्ण नाही. तत्सम आपण संस्कृतातून घेतो, ती पूर्वजांच्या पिढीतली भाषा. समोअन आणि टोंगन या रोटुमनच्या बहिणी आहेत. मराठीतलं जास्त जुळणारं उदाहरण म्हणजे संतवाङ्मयातला 'साच' आणि आपण रोज बोलतो तो 'सच्चा'. दोन्ही सत्यपासूनच, पण साच आपल्या घरात वाढलेला आणि सच्चा उत्तरेकडच्या बहिणींकडून आलेला, म्हणून त्याचा च्च तसाच राहिलाय.

कुटुंबाबद्दल आज मान्य असलेलं असं, की ओशनिक भाषांच्या (पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या भाषांचं मोठं कुटुंब) आत मध्य पॅसिफिक नावाचा एक गट आहे, त्यात फिजीच्या भाषा, सगळ्या पॉलिनेशियन भाषा आणि एकटी रोटुमन. भाषाशास्त्रज्ञ अँड्र्यू पॉली यांनी तिचं जवळचं नातं पश्चिम फिजीच्या बोलींशी लावलंय. त्यामुळे 'बेट फिजीत म्हणून भाषा फिजीअन' हे म्हणता येत नाही. १८८१ मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि त्यांनी कारभारासाठी फिजीला जोडलं, ते सगळं अगदी अलीकडचं. भाषेचा वेगळेपणा त्याच्या कितीतरी आधीचा.

राहिला शब्दाचा प्रश्न. माझं मत, आवाजात काय घडतं ते सांगायचं तर वर्णविपर्यय बरोबर आहे, पण 'राको-राक' आणि 'फुती-फ्युत' त्यात बसत नाहीत, आणि त्या रूपाचं काम तर त्यातून कळतच नाही. 'अपूर्ण रूप' म्हणलं की काहीतरी अर्धवट राहिलंय असं वाटतं, ते मला खटकतं. होआस कुठून अर्धवट आहे? सगळे आवाज शाबूत आहेत, फक्त जागा बदलल्यात. मी 'अख्खं रूप' आणि 'वळतं रूप' म्हणेन.

उत्तर २ :
'वळतं' छान आहे, पण कोशात शोधणाऱ्याला पूर्ण-अपूर्णच सापडणार, म्हणून पहिल्यांदा दोन्ही द्यावेत.

प्रश्नकर्ता :
आज दुपारी जेवताना त्याला मुलगा शोधणे आणि मुलाला शोधणे समजावून सांगितलं, तो खूप हसला आणि लगेच म्हणाला बरोबर, अगदी तसंच. मग माझ्याकडून फामोरी आणि फाम्योर दहा वेळा म्हणवून घेतलं. दहाव्यांदा 'य' म्हणू नकोस, तुझी जीभ उडी मारते, ती एका जागी ठेव असं म्हणाला. बेटावर आता दोन हजारसुद्धा लोक राहत नाहीत, बाकीचे सगळे सुवा, ऑकलंड, सिडनी इकडे, आणि त्याची मुलगी अख्खी रूपं बरोबर बोलते पण वळती चुकवते. म्हणून तो आता रोज रात्री तिच्याकडून तिच्या खोलीतल्या वस्तूंची नावं दोन-दोनदा म्हणवून घेतो, चटईपासून सुरुवात केलीये.