राउटरचा पासवर्ड भक्कम आहे, तरी कमांड इंजेक्शन कसं काय?

प्रश्न : केबलकात्री

लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. सध्या एका सीए ऑफिसातले तीन डबे समोर आहेत: टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२१, असूसचा आरटी-एएक्स५५ आणि डी-लिंकचा डीएनएस-३२०एल हा दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा), ज्यावर रोज रात्री टॅलीचा बॅकअप पडतो. तिघांच्याही नावावर कमांड इंजेक्शनची (पाठवलेल्या मजकुरातून डब्यावर आपला हुकूम चालवून घेण्याची) सीव्हीई, म्हणजे जाहीर खोटीचा नोंद क्रमांक, आहे.

दोन्ही राउटरांचा अ‍ॅडमिन पासवर्ड वीस अक्षरी आहे, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचं सेटिंगचं पान उघडणं) बंद आहे. ऑफिसचं म्हणणं असं, की बाहेरून पानच उघडत नाही तर धोका कसला? मला नेमकं हे हवंय: आतल्या पानातली खोट बाहेरचा माणूस कुठल्या वाटेने वापरतो, फर्मवेअर (डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर) चढवलं की काम संपलं का, आणि ज्याला फर्मवेअर येणारच नाही त्या नॅसचं काय करायचं. "अपडेट करा, सुरक्षित राहा" छापाची उत्तरं नकोत.

उत्तर : बिझीबॉक्स

पासवर्डाचा मुद्दा आधी निकालात काढू. एएक्स२१ ची सीव्हीई-२०२३-१३८९ ही लॉगिनच्या आधीच वापरता येणारी खोट आहे. भाषा-देश ठरवणारी जी विनंती असते ती लॉगिन न करता स्वीकारली जाते, आणि तिच्यातली देशाची किंमत थेट पीओपेन या फंक्शनला जाते. पीओपेन शेल, म्हणजे हुकूम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, उघडतं, आणि शेल रूट म्हणून, सगळ्या अधिकारांसह, चालतो. तुमचा वीस अक्षरी पासवर्ड या वाटेवर कुणी विचारतच नाही.

हे होतं कसं ते पिंगच्या पानावर नीट दिसतं. पानावर एक चौकट असते, तिच्यात तुम्ही ८.८.८.८ लिहिता. आतला सी प्रोग्रॅम "पिंग, चार वेळा" या मजकुरापुढे तुमचा मजकूर चिकटवतो आणि सगळी ओळ सिस्टिम या फंक्शनला देतो. आता चौकटीत "८.८.८.८; रीबूट" लिहा. शेलला पत्ता कुठे संपला आणि हुकूम कुठे सुरू झाला हे कळत नाही, त्याच्या लेखी ती एकच ओळ आहे. सेमीकोलन दिसला की पहिली आज्ञा संपली, दुसरी सुरू. पाइप, अँपरसँड, बॅकटिक, डॉलर-कंस आणि नवी ओळ यांनीही हेच साधतं. पिंग, ट्रेसराउट, एनटीपी (घड्याळ जुळवणं), डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव), वेळ, देश ही पानं पुन्हा पुन्हा या यादीत येतात, कारण या सगळ्यांमागे एखादी तयार लिनक्स आज्ञा असते आणि तिला हाक मारायचा आळशी मार्ग म्हणजे मजकूर जोडणं.

एएक्स२१ मध्ये एक मजेशीर गोष्ट आहे. विनंती दोनदा पाठवावी लागते: पहिल्यांदा किंमत साठवली जाते, दुसऱ्यांदा ती चालते. म्हणजे साठवलेली किंमत आपलीच म्हणून विश्वासाने उचलली गेली. दुरुस्त फर्मवेअर १.१.४ बिल्ड २०२३०२१९ किंवा त्यापुढचं. दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि ११ एप्रिलपासून राउटर ताब्यात घेणाऱ्या मिराई या मालवेअरने ही खोट वापरायला सुरुवात केली. "पुढच्या व्हिजिटला करू" म्हणणाऱ्यांसाठी हे गणित.

आता "बाहेरून पान उघडत नाही" बद्दल. डिसेंबर २०१६ मधल्या नेटगिअर आर७००० आणि आर६४०० च्या खोटीत राउटरच्या वेब पत्त्यात सीजीआय-बिनच्या पुढे जे काही लिहाल ते शेलला मिळायचं. साधी गेट विनंती (ब्राउझर पान मागवतो तीच), लॉगिन नाही. ऑफिसातल्या कुणी भलतंच एखादं वेबपान उघडलं आणि त्यात चित्राचा पत्ता म्हणून राउटरचा आतला पत्ता लिहिलेला असला, की त्याचा ब्राउझरच ती विनंती करतो. फायरवॉलला ती लॅनमधली, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमधली, विनंती दिसते, आणि तशी ती असतेही. रिमोट मॅनेजमेंट बंद असल्याने इथे काही अडत नाही.

उत्तर : सातपाचचाळीस

वेबपान सोडून दुसऱ्या खिडक्याही असतात, त्या मोजायच्या राहून जातात. इंटरनेट कंपनीला तुमचा डबा दुरून जुळवता यावा म्हणून टीआर-०६९ ही सोय असते, पोर्ट (डब्याचं क्रमांकाचं दार) ७५४७. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयर्लंडमधल्या एअर कंपनीच्या डी१००० मोडेमवर या पोर्टातून घड्याळाच्या सर्व्हरचं नाव बदलायची आज्ञा स्वीकारली जात होती, आणि त्या नावात बॅकटिकमध्ये घातलेला हुकूम चालायचा. त्याच लाटेत जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. गंमत म्हणजे तिथले स्पीडपोर्ट राउटर संसर्गाने पडले नव्हते, नुसत्या विनंत्यांच्या माऱ्यानेच आडवे झाले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ह्वावेच्या एचजी५३२ ला सातोरी या मालवेअरने पोर्ट ३७२१५ वरच्या यूपीएनपीतून (यंत्रांना राउटरवर पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) गाठलं, सीव्हीई-२०१७-१७२१५. दोन्हीकडे वेबपानाच्या पासवर्डाचा काडीचा संबंध नव्हता.

पासवर्ड मात्र बिनकामाचा समजू नका. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमना मालवेअरने गाठलं ते कारखान्याचा मूळ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. तिथे इंजेक्शनची गरजच पडली नाही.

बाहेरून काय उघडं आहे ते तपासायचं असेल तर ऑफिसच्या वायफायवरून तपासू नका, फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडा. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ऑफिसच्या सार्वजनिक पत्त्यावर २२, २३, ८०, ४४३, ७५४७, ८०८०, ८४४३, ३७२१५, ५२८६९ आणि ५३२८२ हे पोर्ट बघा. पिंग न करता तपासण्याचा पर्याय लावा, कारण बरेच राउटर पिंगला उत्तर देत नाहीत आणि एनमॅप डबा बंद आहे असं धरून सोडून देतो.

इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक: राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनीच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या, मागे आहात. मग "माझा आयपी" दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता तपासलात तर तपासणी कंपनीच्या यंत्राची होते, तुमच्या राउटरची नाही. शिवाय सीजीनॅट फक्त आयपीव्ही४ ला. लाइनीवर आयपीव्ही६ चालू असेल तर तो पत्ता वेगळा तपासा आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का बघा. ७५४७ उघडा दिसला तर कंपनीला सांगून तो त्यांच्या सर्व्हरपुरता मर्यादित करून घ्या, नाहीतर त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये (नुसती लाइन पुढे देणारा) टाकून पुढे स्वतःचा राउटर लावा.

उत्तर : पुणेरी_पॅकेट

एवढं कशाला? इनपुटमधून सेमीकोलन आणि स्पेस गाळून टाकले की इंजेक्शन संपलं. कंपन्या एवढंही करत नाहीत हा खरा प्रश्न.

उत्तर : बिझीबॉक्स

@पुणेरी_पॅकेट, वर लिहिलेल्या नेटगिअरमध्ये पत्त्यात स्पेस चालत नव्हती. लोकांनी तिच्या जागी शेलचं आयएफएस हे चल (व्हेरिएबल) लिहिलं, ज्याची मूळ किंमतच स्पेस, टॅब आणि नवी ओळ आहे. त्याच युक्तीने काहींनी राउटरचा वेब सर्व्हर बंद करून टाकला आणि पॅच येईपर्यंत तोच उपाय म्हणून वापरला. राउटर पुन्हा चालू केला की भोक पुन्हा उघडं. वाईट अक्षरांची यादी करून गाळणारा कायम एक अक्षर मागे असतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची तपासणी तर धरूच नका, हल्लेखोर ब्राउझर वापरतच नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे मधला शेल काढणं: एक्झेक-व्हीई सारख्या कॉलने प्रोग्रॅमचं नाव वेगळं आणि प्रत्येक पॅरामीटर वेगळा द्यायचा. मग सेमीकोलन हे नुसतं अक्षर उरतं. तरीही किंमत उणे चिन्हाने सुरू होत असेल तर प्रोग्रॅम तिला पर्याय समजतो, म्हणून आयपी पत्त्याच्या जागी फक्त आयपी पत्ताच बसेल अशी तपासणी हवी, आणि ती वापरण्याच्या क्षणी. एएक्स२१ चं दोन विनंत्यांचं प्रकरण त्यासाठीच सांगितलं.

उत्तर : रीसेटवाला

फर्मवेअर चढवलं की काम संपलं का, तर असूसच्या बाबतीत चक्क नाही. आरटी-एएक्स५५ ची सीव्हीई-२०२३-३९७८० ही लॉगिननंतरची खोट आहे. तिचा वापर करणारी मोहीम ग्रेनॉइझ या सुरक्षा कंपनीने मे २०२५ मध्ये उघड केली, सुमारे ९,००० असूस राउटर तिच्यात सापडले. आत शिरायला पासवर्ड अंदाजाने मारणं आणि लॉगिन चुकवायच्या दुसऱ्या युक्त्या होत्या. शिरल्यावर त्यांनी कुठलंही मालवेअर टाकलं नाही. इंजेक्शनने राउटरचीच सेटिंग बदलली: एसएसएच (दुरून हुकूम चालवायची वाट) चालू, पोर्ट ५३२८२, त्यात स्वतःची सार्वजनिक किल्ली (पासवर्डाशिवाय लॉगिन करू देणारी), आणि लॉग बंद. हे सगळं एनव्हीरॅममध्ये, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या कायमच्या मेमरीत, बसतं, आणि फर्मवेअर बदललं तरी एनव्हीरॅम तसंच राहतं. भोक बुजतं, किल्ली आतच राहते.

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये सिस्टीम, त्यात सर्व्हिसचा भाग उघडा. एसएसएच चालू असेल आणि तुम्ही केलेलं नसेल, किंवा पोर्ट ५३२८२ असेल, किंवा किल्लीच्या चौकटीत अनोळखी लांबलचक मजकूर असेल तर डबा गेलेला धरा. नुसता रीबूट मिराईसारख्या मेमरीत राहणाऱ्यांना काढतो, तेही भोक उघडं असेल तर परत येतात. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरचा पहिला टप्पा तर रीबूटनंतरही टिकायचा.

क्रम असा ठेवा. फर्मवेअरची फाइल मोबाइल डेटावरून उतरवा. राउटरच्या "अपडेट तपासा" बटणावर विसंबू नका, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) बदललेला असेल तर ते काय सांगेल याची खात्री नाही. राउटरच्या बुडाच्या लेबलवरचं हार्डवेअर व्हर्जन बघा, एएक्स२१ चे तर बरेच व्हर्जन आहेत आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. वॅनची केबल काढा. एका पीसीला लॅन केबलने जोडून फाइल चढवा, वायफायवरून नको, आणि राउटर यूपीएसवर असू द्या. चढल्यावर रीसेटचं बटण पॉवरचा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. नवा पासवर्ड टाका, यूपीएनपी, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडणं) आणि वॅनकडचं मॅनेजमेंट बंद करा. वॅन केबल सगळ्यांत शेवटी.

केबलकात्री

रीसेटनंतर जुनी सेटिंग फाइल चढवली तर चालेल ना? पीपीपीओई (इंटरनेट कंपनीचं लॉगिन) आणि बारा पीसींचं आयपी रिझर्व्हेशन (प्रत्येकाला ठरलेला पत्ता) हाताने भरायचं जिवावर येतं. आणि नॅसचं कुणी बोललंच नाही.

उत्तर : रीसेटवाला

नाही. ती फाइल म्हणजे एनव्हीरॅमचीच प्रत. चढवलीत की किल्ली परत आत. रीसेटच्या आधी रिझर्व्हेशनच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि हाताने भरा, बारा ओळींना दहा मिनिटं लागतील. पीपीपीओईचा पासवर्ड विसरला असाल तर तो आधी मागवून ठेवा, नाहीतर राउटर रीसेट करून कस्टमर केअरच्या रांगेत बसाल.

उत्तर : सातपाचचाळीस

नॅसचं उत्तर कडू आहे. डीएनएस-३२०एल ची सीव्हीई-२०२४-३२७३ एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली, आणि मॉडेलचं आयुष्य संपलंय म्हणून पॅच येणार नाही असं डी-लिंकनेच सांगितलं. आत मेसेजबस नावाचं पक्कं बसवलेलं खातं आहे, त्याचा पासवर्ड रिकामा. विनंतीतल्या एका पॅरामीटरमध्ये बेस६४ (मजकूर अक्षर-अंकांत बदलणारी सांकेतिक पद्धत) करून हुकूम दिला की तो चालतो. बेस६४ असल्यामुळे सेमीकोलन शोधणाऱ्या कुठल्याही गाळणीला तो दिसत नाही. तेव्हा इंटरनेटवर उघडे असे सुमारे ९२,००० डबे मोजले गेले होते. अ‍ॅडमिन पासवर्ड कितीही बदला, हे खातं तुमच्या हातात नाही.

नवा नॅस येईपर्यंत: राउटरवर त्याच्याकडे जाणारी प्रत्येक पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत पोचवणारी वाट) काढा, यूपीएनपीने आपोआप उघडलेली सुद्धा. नॅसवर स्थिर आयपी देऊन गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) रिकामा ठेवा, म्हणजे कुणी हुकूम चालवलाच तरी पुढचा माल थेट इंटरनेटवरून ओढता येणार नाही. लॅनमधल्या पीसीच्या ब्राउझरमार्फत विनंती पोचवायची वाट मात्र तरीही उघडीच राहते, तेव्हा हे आठवडाभराचं मलम समजा. बॅकअपची दुसरी प्रत आजपासूनच यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती रोज काढून ठेवा.

एक लक्षात ठेवा, त्या डिस्क लिनक्सच्या एक्स्ट फाइलसिस्टीमच्या असतात. नॅस बंद करून डिस्क विंडोज पीसीला जोडलीत तर ती फॉरमॅट करायची का असं विचारेल. होय म्हणू नका, डेटा नॅस चालू असतानाच नेटवर्कवरून उतरवून घ्या.

केबलकात्री

एएक्स२१ वर बिल्ड २०२२ चं निघालं, म्हणजे भोक उघडंच होतं. असूसवर एसएसएच बंद आहे, किल्लीची चौकट रिकामी. तरी फर्मवेअर आणि रीसेट दोन्ही करतोय. वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतोय, आयपीव्ही६ चालू आहे. शनिवारी ऑफिस बंद असताना हॉटस्पॉटवरून आयपीव्ही६ चा पत्ता तपासून इथे टाकतो.