बंड मोडले, फसले की मागे घेतले? वॅग्नरच्या निमित्ताने

प्रश्न : रशियातील वॅग्नर या खासगी सैन्याने जून २०२३ मध्ये जे केले, त्याच्या परिणामांविषयी मी एक टिपण लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्यात अडलो आहे. ‘भाडोत्री सैन्याचे बंड मोडून काढल्यानंतर’ अशी सुरुवात केली, परंतु वाचून पाहताना ती खटकली. ‘बंड’ म्हणावे की ‘उठाव’, ‘मोडले’ म्हणावे की ‘फसले’, आणि ‘भाडोत्री’ हे विशेषण येथे कितपत शोभते, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर : आपल्याला खटकले ते क्रियापद आहे. बंड ‘मोडून काढणे’ म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने बळ वापरून ते संपवणे. येथे तसे घडले नाही. वॅग्नरचे प्रमुख येवगेनी प्रिगोझिन यांच्या माणसांनी २४ जूनच्या सकाळी रोस्तोव शहरातील दक्षिण लष्करी विभागाचे मुख्यालय ताब्यात घेतले, त्यांचा एक ताफा व्होरोनेझमार्गे मॉस्कोच्या दिशेने निघाला आणि त्याच संध्याकाळी, प्रिगोझिन यांच्याच म्हणण्यानुसार मॉस्को जेमतेम दोनशे किलोमीटरवर असताना, तो माघारी वळला. वाटेत वॅग्नरने हवाई दलाची काही हेलिकॉप्टरे व एक विमान पाडले आणि त्यांतील वैमानिक मारले गेले. जमिनीवर मात्र त्यांना अडवणारी मोठी लढाई झालीच नाही. रोस्तोवमध्ये तर त्यांचा एक रणगाडा सर्कशीच्या फाटकात अडकून बसला होता आणि लोक त्याची छायाचित्रे काढत होते. बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांनी मध्यस्थी केली आणि प्रकरण थांबले. म्हणून घडलेल्या कृतीला ‘बंड मागे घेतले’ हेच नेमके म्हणणे होय. ‘फसले’ हा शब्द कृतीविषयी नसून फळाविषयी आहे : संरक्षणमंत्री शोइगु यांना हटवावे ही मागणी त्या वेळी मान्य झाली नाही, आणि १ जुलैपूर्वी संरक्षण मंत्रालयाशी करार करण्याचा जो आदेश वॅग्नरचे वेगळे अस्तित्व संपवणारा होता, तोही टळला नाही. त्या अर्थाने ‘फसलेले बंड’ अवश्य लिहावे. ‘मोडलेले’ लिहू नये.

‘उठाव’ मी टाळीन. मराठीत ‘उठाव’ या शब्दामागे लोकांचा सहभाग आणि लिहिणाऱ्याची थोडीबहुत सहानुभूती गृहीत असते. १८५७ च्या घटनेला ‘शिपायांचे बंड’ म्हणणे सोडून आपण ‘उठाव’ म्हणू लागलो ते याच कारणाने. पुतिन यांनी त्या सकाळच्या भाषणात ‘सशस्त्र बंड’ आणि ‘पाठीत वार’ असे शब्द वापरले, तर प्रिगोझिन यांनी आपल्या कृतीला ‘न्यायासाठीची कूच’ असे नाव दिले होते. येथे ‘कूच’च हवे. ‘न्यायासाठी मोर्चा’ असे भाषांतर केले, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आझाद मैदान उभे राहते, रणगाडे नव्हे. जाता जाता एक निरीक्षण : ‘बंड’ हा शब्द आपण इतका स्वस्त केला आहे की वॅग्नरनंतर आठवडाभराने, २ जुलैला, राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये जी फूट पडली, तिलाही मथळ्यांत ‘बंड’च म्हटले गेले. शस्त्र हाती न घेतलेल्या माणसांना आणि रणगाडे घेऊन निघालेल्यांना एकच शब्द पुरावा, हे मला बरे वाटत नाही. निदान आपल्या टिपणात ‘सशस्त्र’ हे विशेषण जोडावे.

‘भाडोत्री’विषयी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आमच्या लहानपणी वाड्यातील म्हाताऱ्या बायका ‘वरच्या मजल्यावरचे भाडोत्री’ असे बिऱ्हाडकरूंना सहज म्हणत आणि त्यात कोणाचा अपमान होत नसे. आज तो अर्थ ‘भाडेकरू’कडे गेला आणि ‘भाडोत्री’च्या मागे ‘मारेकरी’ उरला. म्हणजे हा शब्द नुसते वर्णन करीत नाही, दोषही देतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भाडे कोणाचे? पुतिन यांनी २७ जूनला स्वतःच सांगितले की मे २०२२ ते मे २०२३ या वर्षात वॅग्नरच्या लोकांचे वेतन आणि बक्षिसे यांवर सरकारने ८६ अब्ज रूबलहून अधिक रक्कम खर्च केली. आपल्याच देशाच्या तिजोरीतून पगार घेऊन आपल्याच देशाच्या युद्धात लढणारा, आणि कित्येकदा शिक्षामाफीच्या आमिषाने तुरुंगातून थेट आघाडीवर आणलेला माणूस हा रूढ अर्थाने भाडोत्री ठरत नाही. आफ्रिकेत परक्या सरकारांसाठी लढणाऱ्या वॅग्नरला तो शब्द चालेल; युक्रेनच्या आघाडीवरील वॅग्नरला ‘खासगी सैन्य’ म्हणणे अधिक सुरक्षित. त्यातही गंमत अशी की रशियाच्या कायद्याला खासगी लष्करी कंपनी ठाऊकच नाही, आणि भाडोत्री सैनिकी हा तेथे गुन्हा आहे.

कोणी ‘गारदी’ सुचवील. नारायणरावांच्या खुनामुळे (३० ऑगस्ट १७७३) तो शब्द आपल्याला जवळचा आहे आणि थकलेल्या पगाराचा तगादा हे तेथेही निमित्त होते, परंतु गारदी पेशव्यांच्याच चाकरीत होते, कोणा कंत्राटदाराच्या नव्हे. उपमा म्हणून एकदा वापरावा, संज्ञा म्हणून नको.

पूरक शंका : ‘प्रिगोझिन यांचे विमान पाडले गेले’ हे वाक्य चालेल का?

उत्तर : चालणार नाही. २३ ऑगस्टला, बंडाला बरोबर दोन महिने होत असताना, त्वेर प्रांतात ते विमान कोसळले आणि प्रिगोझिन व वॅग्नरचे सहसंस्थापक दिमित्री उत्किन यांच्यासह दहाही जण ठार झाले, एवढेच निर्विवाद आहे. संशय अनेकांनी व्यक्त केला आणि क्रेमलिनने तो फेटाळला. ‘कोसळले’ या क्रियापदाला विमानाखेरीज दुसरा कर्ता लागत नाही, ‘पाडले’ला लागतो, आणि तो सिद्ध केल्याशिवाय लिहिता येत नाही. याच न्यायाने ‘काटा काढला’ हेही टाळावे. मात्र बंडाबद्दल प्रिगोझिन यांच्यावर दाखल झालेला गुन्हा मागे घेतला गेला त्याला ‘माफी’ म्हणण्याऐवजी ‘अभय’ म्हटले, तर अधिक अर्थपूर्ण होईल, कारण माफी गुन्ह्याला असते आणि अभय जिवाला. मग वाचकाला पुढच्या दोन महिन्यांचा अर्थ आपोआप लागेल.

पूरक शंका : आणि जे सैनिक पुढे मंत्रालयाशी करार करून राहिले, त्यांच्यासाठी ‘शरण आले’ की ‘भरती झाले’?

उत्तर : दोन्ही अपुरे आहेत. जुलैमध्ये वॅग्नरने दोन हजारांहून अधिक वाहने व शस्त्रसामग्री आणि अडीच हजार टनांवर दारूगोळा मंत्रालयाच्या हवाली केला, त्यासाठी ‘शस्त्रे खाली ठेवली’ म्हणता येईल. पण त्यांतील पुष्कळ लोक पुन्हा त्याच मालकाच्या, म्हणजे सरकारच्या, पदरी उभे राहिले, आणि ऑगस्टअखेर पुतिन यांनी हुकूम काढून अशा स्वयंसेवकांना निष्ठेची शपथ सक्तीची केली. यासाठी मराठीत ‘रुजू होणे’ आहे. आज तो शब्द नोकरीच्या पहिल्या दिवसापुरता उरला असला, तरी त्यात बिनसलेला माणूस पुन्हा वळून हजर होतो, हा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. ‘मंत्रालयाकडे रुजू झाले’ असे लिहावे.