मदत हवी आहे: गावच्या अभ्यासिकेला कंपनी तयार, कागदावर अडलंय

तेरणाकाठ:
गावाजवळ रस्त्याचं काम चालू आहे. त्या बांधकाम कंपनीचे साहेब सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या निधीतून, अभ्यासिका बांधून देतो म्हणालेत. 40 बाय 25 फुटांचा नकाशाही काढून दिला. आता त्यांच्या हेड ऑफिसचा मेल आलाय, मंडळाचं सीएसआर-1 पाठवा. दहा दिवसांची मुदत आहे. हे कुठं मिळतं? तालुक्याला कुणालाच माहीत नाही. भरतीची पोरं देवळाच्या ओट्यावर बसून अभ्यास करतायत. लवकर सांगा.

ओळंबा:
जिल्हा कोणता? जागा कुणाच्या नावावर? माती काळी की मुरमाड?

लेखाताई:
सीएसआर-1 हा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा फॉर्म. त्यासाठी नोंदणीकृत संस्था, आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, शिवाय तीन वर्षं अशी कामं केल्याचा पुरावा. मंडळ कधी नोंदलंय?

तेरणाकाठ:
गणेश मंडळ आहे, नोंदणी नाही. जिल्हा लातूर, औसा तालुका. माती काळीच.

लेखाताई:
मग दहा दिवसांत होणार नाही, दादा. खोटी आशा लावत नाही.

पांढरीकर:
कंपनीच्या मागे कशाला लागता? रस्ता संपला की साहेबाची बदली, फोनही उचलणार नाही. आम्ही घरटी दोन हजार वर्गणी आणि घरटी एक दिवस श्रमदान करून सभागृह उभं केलं. त्याला गावाचा हात लागलेला आहे.

रानवारा:
पांढरीकर काका, औशाकडं पाऊस पडला नाही की वर्गणी कुठून निघणार? कायद्यानं त्यांना खर्च करावाच लागतो तर गावानं का सोडावं?

सातबारा:
कायदा सगळ्यांना लागू नाही. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यातलं एक तरी हवं. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करायचे.

आणि लेखाताई, सीएसआर-1 लागतं ते पैसे संस्थेमार्फत खर्च होणार असले तर. कंपनी स्वतः बांधणार असेल तर मंडळ मध्ये कशाला? 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे इमारत सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची राहू शकते. ग्रामपंचायतीच्या नावावर करा. ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीचा मालमत्ता उतारा, जोडा.

लेखाताई:
मान्य. मेलमध्ये ‘मंडळाचं’ लिहिलंय म्हणून मी तसं धरलं. दादा, मंडळाचं नाव कंपनीला कुणी दिलं?

तेरणाकाठ:
आम्हीच अर्जावर मंडळाचा शिक्का मारला होता. नमुना 8 चं सांगतो. जागा जुन्या शाळेची आहे. खोल्यांना तडे गेले म्हणून पाडल्या, तेव्हापासून मोकळीच.

सातबारा:
हे आधी सांगायला हवं होतं! शाळेची म्हणजे जिल्हा परिषदेची. नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावानं चालणार नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडं परवानगी मागा, अर्जाची पोच घ्या आणि ती कंपनीला पाठवून मुदत वाढवून मागा.

गच्चीवाला:
गच्चीला चायना मोजॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करा. ऊन परावर्तित होतं, खाली गारवा राहतो.

ओळंबा:
गच्चीचं नंतर. खोल्यांना तडे का गेले ते कुणी पाहिलं का? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, जोतं वरखाली होतं. त्याच जागी तसाच पाया घेतला तर पुन्हा तेच. कठीण मुरूम कुठं लागतो ते खड्डा खणून बघा. खोल असेल तर खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्यायला सांगा. आणि तुम्ही किल्लारीच्या पट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याच्या छतांखाली माणसं गेली. कॉलमच्या रिंगांचे हूक 135 अंशांत वळवलेत ना, हे ओतकामाआधी जाऊन बघा. कंपनीनं फुकट बांधलं म्हणून हे विचारायला लाजू नका.

पांढरीकर:
हे मात्र पटलं. आमच्या सभागृहाची एक भिंत याच मातीनं फाटली. दोन वर्षांनी पुन्हा खर्च.

तेरणाकाठ:
तडे पावसाळ्यानंतरच वाढायचे, माझी शाळा तीच. उद्या सरपंचांना घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो. खड्डा किती खोल खणायचा?

ओळंबा:
मुरूम लागेपर्यंत. दर फुटाला मातीचा फोटो काढा आणि इथं टाका.