मदत हवी आहे: बर्लिनमध्ये पत्तानोंदणीचा कागद मिळत नाहीये

नमस्कार मंडळी, जर्मनीतल्यांना विचारतोय. बर्लिनमध्ये मी एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली आहे. मूळ भाडेकरू दुसराच, मी पोटभाडेकरू. करार आहे, भाडं दर महिन्याला बँकेतून जातं. पण आनमेल्डुंगसाठी (पत्तानोंदणीसाठी) लागणाऱ्या वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर, म्हणजे मी इथे राहायला आलोय असं घर देणाऱ्याने लिहून द्यायच्या कागदावर, सही करायला तो मूळ भाडेकरू टाळाटाळ करतोय. लेटरबॉक्सवर चिकटपट्टीने लावलेलं माझं नावही काढून टाकलं! मालकाला न विचारताच खोली दिली असणार, दुसरं काय.

नियमाने २ आठवड्यांत नोंदणी हवी, आणि तो कागद देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नुसता भाडेकरार चालत नाही. तोवर टॅक्स आयडी अडकलाय, आणि एचआर म्हणतंय की सहाव्या क्लासने (सगळ्यात जास्त कपातीच्या करगटाने) कर कापावा लागेल.

सही मिळत नसेल तर ब्युर्गरआम्टला (नोंदणी करणाऱ्या नागरिक कार्यालयाला) आपणच कळवायचं असतं. असं कुणी केलंय का? ते त्याला थेट पत्र पाठवतात का? खोली गेली तर या शहरात दुसरी शोधणं म्हणजे दिव्यच.

'मित्राच्या पत्त्यावर नोंदव' हा सल्ला कृपया नको. खोट्या नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.