विषय: कढीलिंबाची पाने गळाली, पाणी घालावे की थांबवावे?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार.

सेंट पॉल शहरातल्या काकू भारतात गेल्यापासून त्यांचा कढीलिंब आमच्या दिवाणखान्यात आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. गेल्या दहा दिवसांत त्याची जवळजवळ सर्व पाने पिवळी होऊन गळाली. काकूंच्या चिठ्ठीत 'दर रविवारी दोन तांबे पाणी' असे स्पष्ट लिहिले आहे आणि आम्ही ते काटेकोरपणे पाळले. तरीही कुंडीतील माती हाताला ओलीच लागते. उद्या रविवार आहे. पाणी घालावे की नाही, एवढेच कृपया आजच्या आज कळवावे. मागच्या वर्षीच्या तुळशीची पुनरावृत्ती नको.

प्रेषक: नाटक समिती

पाणी अवश्य घालावे. घरातील हीटरने हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात, मग झाडाचे काय होत असेल? शिवाय पंधरवड्यातून एकदा आंबट ताक पातळ करून ओतावे. आमच्या आईचा साताऱ्यातील कढीलिंब ताकावरच छपरापर्यंत गेला.

प्रेषक: बागकाम स्तंभ

या ईमेल यादीवरील झाडांचे प्रश्न बरीच वर्षे माझ्याकडे येतात, म्हणून नम्रपणे पण ठामपणे सांगतो की उद्या एक थेंबही घालू नये. हवा कोरडी असणे आणि माती कोरडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे अमेरिकेच्या उत्तरेला, मिनियापोलिसला डिसेंबरअखेर दिवस नऊ तासांपेक्षाही लहान असतो. त्या मंद उजेडात झाडाची वाढ थांबते, पाने गळाल्यावर तर पाणी ओढण्याचे काम जवळजवळ बंद पडते आणि ओल्या, थंड मातीत मुळे कुजू लागतात. काकूंची दोन तांब्यांची चिठ्ठी उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या कुंडीसाठी योग्य आहे, जानेवारीसाठी नव्हे. बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचले आहे का आणि कुंडी खिडकीच्या गार काचेला टेकली आहे का, हे सचिवांनी कळवावे.

प्रेषक: ग्रंथालय

ताकाविषयी लिहितो. आम्ही नागपूरकर या झाडाला गोडलिंब म्हणतो आणि ताक आमच्याकडेही घालतात. परंतु अंगणातल्या जमिनीत ते मुरते, बंद घरातल्या कुंडीत ते नासते. मी हा प्रयोग केला आहे. आठवडाभर घरात वास होता आणि मातीतून उठलेली बारीक चिलटे मार्चपर्यंत चहात पडत होती. पाने पिवळी पण शिरा हिरव्या अशी लोहाची कमतरता दिसली, तर उन्हाळ्यात लिंबूवर्गीय झाडांचे खत द्यावे. हे झाड लिंबाच्याच कुळातले आहे. कडुलिंबाशी त्याचे नाव जुळते, कूळ नाही.

प्रेषक: नाटक समिती

साताऱ्यात चिलटे नव्हती. असो. माझी बहीण पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाहून गाडीने येत आहे. काकू परतण्यापूर्वी तिच्याकडून नवे रोप मागवून ठेवले, तर हा सारा प्रश्नच मिटेल.

प्रेषक: बागकाम स्तंभ

कृपया असे करू नये. फ्लोरिडात 2005 मध्ये आढळलेला लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग हा रोग ज्या किडीमुळे पसरतो, ती कढीलिंबावरही राहते. त्यामुळे तिथली अशी रोपे परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यास बंदी आहे. शिवाय काकू आपले झाड ओळखणार नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी काकूंना ओळखलेले नाही. आधी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

प्रेषक: सचिव

बशीत दोन बोटे पाणी होते आणि कुंडी काचेला टेकलेली होती. दोन्ही चुका आमच्याच. बशी रिकामी केली, कुंडी काचेपासून दूर पण उजेडातच लाकडी पाटावर ठेवली आणि उद्याचे पाणी रद्द केले. खोडावर साल खरवडल्यावर आत स्वच्छ हिरवे दिसले. वरच्या दोन फांद्या मात्र तपकिरी आणि ठिसूळ आहेत. त्या आताच छाटाव्यात की काकू येईपर्यंत तशाच ठेवाव्यात, याविषयी बागकाम स्तंभानेच लिहावे. कोणाकडे रोपांसाठीचा दिवा पडून असल्यास मंगळवारच्या तालमीला घेऊन यावा. काकूंचा फोन सोमवारी येतो. तो या वेळी कोणी दुसऱ्याने घेतला तर उपकार होतील.