मदत हवी आहे : वय सतरा, प्रचाराला गेले तर चालतं का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, बारावी कॉमर्सला. अठरा पूर्ण होतील मे २०२७ मध्ये, म्हणजे विधानसभेचं मतदान बहुधा माझ्याविनाच होणार. गेल्या वेळी ते १४ फेब्रुवारी २०२२ ला झालं होतं, या खेपेलाही त्याच सुमारास होईल असं धरून चाललेय.

आमच्याकडे एकजण उभे राहणार आहेत. नाव नि पक्ष मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर माझा प्रश्न राहील बाजूला आणि तुमचीच जुंपेल. मोपा विमानतळावरच्या नोकऱ्या आणि जमिनींचं रूपांतर याबद्दल ते जे बोलतात ते मला पटतं. त्यांचं काम करणाऱ्या आमच्याच वाड्यावरच्या वहिनी परवा आईला म्हणाल्या, "पोरगी चुणचुणीत आहे, संध्याकाळची घरोघर फिरायला पाठव." काम म्हणजे पत्रकं वाटायची आणि मतदार यादीत खुणा करायच्या, कुठलं घर आपलं, कुठलं त्यांचं, कुठलं काठावरचं. शिवाय कोपरा सभेला खुर्च्या भरायला मैत्रिणी आणायच्या. हे शेवटचं काही मला रुचलं नाही, पण घरोघर जाऊन लोकांशी बोलायचं मात्र मनापासून आहे.

घरात तीन पक्ष पडलेत. आजी म्हणते जा. आई म्हणते बोर्डाची परीक्षा कोण देणार, वहिनी? बाबा सरकारी खात्यात कारकून, त्यांचं एकच, "तू गळ्यात पट्टा घालून फिरलीस की माझी बदली गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला, काणकोणला."

तर अठराच्या आत हे कायद्याने चालतं का? बाबांच्या नोकरीला खरंच धोका आहे का? आणि नसेलच जमत तर मी दुसरं काय करू शकते?

फोंडेकर
अगो, वय कोण विचारतो? आमच्याकडे शाळेतली पोरं टेंपोत बसून घोषणा देतात. जा बिनधास्त. परीक्षेचं तेवढं बघ.

जुना बूथवाला
फोंडेकर, सगळे करतात म्हणून ते चालतं असं नाही.

बाय, निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्या पक्षांना लेखी बजावलंय की मुलांना प्रचारात कुठल्याही स्वरूपात वापरायचं नाही. पत्रकं वाटणं, पोस्टर लावणं, घोषणा, मिरवणूक, सभा सगळं त्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अल्पवयीन मुलांना निवडणुकीच्या कामात घेऊ नका असं पक्षांना सांगितलेलं आहे, आणि ते न्यायालय आपलंही. आईबाबांबरोबर सभेला नुसती जाऊन बसलीस तर हरकत नाही.

यात तुझ्यावर काही येत नाही, येतं ते उमेदवारावर. समोरचा माणूस तुझा पत्रकं वाटतानाचा फोटो काढून आयोगाच्या सीव्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर टाकणार. तिथल्या तक्रारीची दखल १०० मिनिटांत घ्यायची असते. ज्यांना निवडून आणायला निघालीस त्यांच्याच मागे नसतं झेंगट.

आणि त्या खुणा. पत्रकं वाटणं हे वरवरचं, प्रचाराचं खरं काम ते खुणांचंच. आपले मतदारसंघ सरासरी तीस हजार मतदारांच्या आतले, २०२२ ला सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. त्यामुळे काठावरच्या एकेका घरासाठी जीव टाकतात. पण कोण कुणाची यादी घेऊन दारात आलं होतं हे गाव पाच वर्षं विसरत नाही. अठराव्या वर्षी हे समजून उमजून पत्करलंस तर गोष्ट वेगळी.

चाफा
बाबांच्या प्रश्नाचं मी सांगते, मीही सरकारी नोकरीतच आहे. १९६४ च्या वर्तन नियमांतला नियम ५ वाचायला सांग. प्रचाराची बंदी कर्मचाऱ्याला आहे, बायकामुलांना नाही. घरच्यांबद्दल त्याने वर कळवायचं असतं ते सरकार उलथवायच्या चळवळीत कुणी असेल तर. मात्र एक बारीक खोच आहे. कर्मचाऱ्याच्या अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह दिसलं तर तो त्यानेच केलेला प्रचार धरतात. म्हणून बाबांच्या स्कूटरवर स्टिकर नको आणि गेटला झेंडा नको. वहिनींनी प्रेमाने लावला तरी काढायचा. बदलीचं म्हणशील तर ती काही नियम ५ वाचून होत नाही, ते बाबांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

जुना बूथवाला
काय करता येईल ते राहिलंच. सतरा पूर्ण झालेत ना, मग मतदार यादीत नाव घालायचा नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायच्या वर्षात चार पात्रता तारखा असतात, तुझी १ जुलै २०२७. वर्गातल्या सगळ्यांचे अर्ज भरून घे, यात कुठल्या पक्षाचा संबंध नाही. आजी ८५ च्या वर असेल तर तिला घरून मतदान करता येतं. त्यासाठीचा १२ डी अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो, बीएलओला, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, आधीच गाठून ठेव.

आणि पंचायत निवडणूक मागची १० ऑगस्ट २०२२ ला झाली होती, पुढची २०२७ मध्येच यायची. तोवर तू अठराची. नाव वेळेत लागलं तर तुझं पहिलं मत आपल्या पंचालाच. आपल्याकडे पंचायत पक्षचिन्हावर लढवत नाहीत, तेव्हा फीर काय ते घरोघर.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. आजी ८३ ची आहे आणि केंद्रावर नवी साडी नेसून जाणार म्हणते, घरचं मतदान तिला नकोच. पंचायतीचं डोक्यात आलंच नव्हतं. आता वहिनींना नाही कसं म्हणू? रोज विहिरीवर भेटतात.

चाफा
बाबांचं नाव पुढे करू नकोस, उगाच मनात ठेवतील. आयोगाचा तो २०२४ चा आदेश मोबाइलवर दाखव आणि म्हण, "वहिनी, तुमच्याच उमेदवाराला त्रास व्हायचा." वर बारावी आहेच.